सतरा ठिकाणांची हजेरी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. या वेळेला पलटणीच्या पोटावर अकरा लाल ठिपके होते, अशी माझ्या वहीतली पहिली नोंद आहे. त्याच वेळी तिथे आणखी एक गोष्ट घडत होती. साबळेकाका तिची हजेरी घेत होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. ही गोष्ट मी पाहिली, पण नोंदवली नाही. निरीक्षणाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडून अशी चूक कशी व्हावी, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. उत्तर साधे आहे. मी कुत्रीकडे पाहत होते.

हणमंत साबळे सैन्याच्या श्वानपथकातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्यांचे घर होते. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन लोणंदला. वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी मूळची सांगलीजवळच्या माधवनगरची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून साताऱ्यातल्या एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरत होते. काकांनी माझी पदवी पहिल्याच दिवशी विचारून घेतली, आणि त्यानंतर मला कधी 'ताई' म्हणायचे आणि कधी 'शास्त्रज्ञ', हे माझ्या वागण्यावरून ठरत गेले. दिवा चालू ठेवून बाहेर पडले की त्या दिवशी मी शास्त्रज्ञ असे.

पलटण ही त्यांची कुत्री. सहा वर्षांची, फिकट तांबूस, आखूड केसांची, पोटाला गुलाबी. एकट्या जिवाला पलटण का म्हणायचे, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले की नोकरीत एका वेळी एकच कुत्रे त्यांच्याकडे असे, आणि ते एक पुढे चालत असले की मागच्या तीस माणसांना धीर असे. तिच्याशी बोलण्याच्या त्यांच्या दोन भाषा होत्या. हुकूम हिंदीत, लाड मराठीत. रागावण्यासाठी त्यांनी कुठलीच भाषा ठेवली नव्हती.

दाढी केल्याशिवाय ते तिला फिरायला नेत नसत. निघण्यापूर्वी दारात उभे राहून चिमूटभर पावडर बोटांतून सोडत. पावडर जिकडे उडे, त्याच्या उलट दिशेला जायचे, म्हणजे पुढे काय आहे त्याचा वास कुत्रीला आधी मिळतो. आमच्या गल्लीत पुढे असून असून काय असणार, भाजीची गाडी आणि दोन मांजरे. पण बावीस वर्षे स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्यांमागून चाललेला माणूस वारा पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे मला हळूहळू उमगले.

आणि परत आल्यावर हजेरी. ओट्यावर जुने पांढरे धोतर अंथरायचे, त्यावर पलटणीला उभे करायचे आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी नाकापासून शेपटीपर्यंत सतरा ठिकाणे तपासायची. नाक, ओठ, दोन कान, गळा, दोन काखा, छाती, चार पंजे, पोट, दोन जांघा, पाठ, शेपटीचे मूळ. प्रत्येक ठिकाणाचे नाव ते मोठ्याने घेत. पंजाचे नाव आले की पलटण तो पंजा उचलून देई. धोतर पांढरे अशासाठी की अंगावरून काय गळते ते दिसावे, गोचीड असो, कुसळ असो की मातीचा कण. डोळे मिटण्याचे कारण त्यांनी एकदाच सांगितले. "डोळं फसवत्यात ताई. बोटं न्हाई फसवत."

ही हजेरी एक दिवसही चुकत नसे. ताप असला तरी नाही, मुलगी माहेरी आली असली तरी नाही. एवढा कडक नियम कुठून आला, हे मी पावसाळ्यातल्या एका दुपारी विचारले. त्यांनी उत्तर देण्याआधी पलटणीला आत पाठवले, जणू तिच्यासमोर बोलायची ती गोष्ट नव्हती.

जम्मूकडच्या नेमणुकीत त्यांच्याकडे सम्राट नावाचा कुत्रा होता. एका दिवशी लांबच्या गस्तीवरून परतल्यावर थकव्याने त्यांनी हजेरी अर्धी घेतली. पंजे राहिले. पुढच्या उजव्या पंजाच्या बोटांमध्ये गवताने पुरळ उठले होते, ते रात्रीत चिघळले आणि सकाळी सम्राट लंगडू लागला. साहेबांनी दोघांना मागे ठेवले आणि त्यांच्या जागी दुसरी जोडी पुढे पाठवली.

"ती जोडी परत आली न्हाई," काका म्हणाले. "माणूसबी न्हाई, कुत्रंबी न्हाई. पोरगा कराडाकडचा. त्याच्या आईला भेटाय मी दर वर्साला जातो. का जातो, ते त्या म्हातारीला अजून सांगितलं न्हाई."

यानंतर बराच वेळ ते धोतराची घडी घालत बसले. गवताने उठलेल्या लाल ठिपक्यांची ज्याला भीती वाटते असा माणूस मला तोवर हास्यास्पद वाटला असता.

भीतीला ताजे कारणही होते. भाद्रपद लागला की डोंगराच्या उतारावर आणि मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत कमरेएवढे माजून पांढरे फुलते. दर वर्षी त्याच दिवसांत फिरून आल्यावर पलटणीच्या काखा, जांघा आणि पोट लाल होई. आदल्या वर्षी जांघेतला एक चट्टा तिने चाटून चाटून उघडा केला, त्यात पू झाला, ताप चढला आणि चार दिवस ती पाण्याकडेही पाहीना. ती वाचली, पण जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की असे पुन्हा झाले तर खात्री देता येणार नाही. सप्टेंबर जवळ येऊ लागला तसे काका जेवताना घास हातात धरून थांबू लागले.

मी त्यांना म्हटले की आपण पद्धतशीर नोंदी ठेवू; कोणत्या वाटेने गेल्यावर किती ठिपके येतात ते मोजू. कारण सापडले की भीती संपते.

"कारण सापडल्यावरच तर खरी भीती सुरू हुती," ते म्हणाले, पण वहीला नाही म्हणाले नाहीत.

मी पारदर्शक प्लास्टिकवर चौकटी आखल्या. ते प्लास्टिक तिच्या पोटावर धरून रोज सकाळी ठिपके मोजायचे, वाट, वेळ, दव होते की नव्हते, सगळे लिहायचे. माझा हेतू केवळ भूतदयेचा नव्हता, हे इथेच सांगून टाकते. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत स्वतः केलेले एखादे छोटे काम दाखवता आले तर हवे होते. अकराचे सोळा झाले, सोळाचे तेवीस, आणि पाचव्या दिवशी चौतीस. आलेख सुरेख चढत होता. काका रोज हात उताणा करून तो मागत, चष्मा लावून पाहत आणि परत देत. एका सकाळी मात्र म्हणाले, "ह्यो डोंगर लय सरळ चढतोय."

त्याच सुमारास गल्ली घाबरली. शेजारच्या मोहितेकाकूंची दोन लहान नातवंडे राहायला आली होती आणि कुत्रीला खरूज झाली आहे, ती पोरांना लागणार, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या दुष्ट मुळीच नव्हत्या. रोजची उरलेली भाकरी पलटणीला त्यांच्याच घरून येई. पण आता भाकरी फाटकावर ठेवून त्या हात धुवायला पळत, आणि नगरपालिकेला कळवावे लागेल असे दोनदा बोलून गेल्या. काकांचा चेहरा त्या दिवशी उतरला तो उतरलाच. ते पलटणीला मागच्या दाराने नेऊ लागले. चोरासारखे मागच्या दाराने जाणारे हवालदार साबळे पाहणे मला जड गेले.

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि सांगितले की ही खरूज नाही, कुणाला लागणारी नाही, गवताचे पराग आणि कण कातडीला लागून येणारी सूज आहे. उपाय म्हणून फुललेल्या गवतातून नेऊ नये, दव वाळल्यावर न्यावे, फिरून आल्याबरोबर पंजे आणि पोट कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावे, चाटू देऊ नये. काकांनी डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून सही-शिक्क्यानिशी घेतले, बाजारात जाऊन त्याला लॅमिनेशन करवले आणि फाटकावर तारेने बांधले. 'सदर कुत्रीचा त्वचाविकार संसर्गजन्य नाही.' येणारेजाणारे थांबून वाचत. मोहितेकाकूंनी नातवाकडून मोठ्याने वाचून घेतले आणि त्या दिवशी भाकरीसोबत थोडा गूळही आला.

मला धुण्याचा उपाय अपुरा वाटला. गवत कातडीला लागूच नये, असे काही हवे होते. मी काकांचे जुने बनियन मागितले, त्याला मागच्या पायांसाठी दोन भोके पाडली, पोटाखाली नाड्या लावल्या आणि पलटणीला घातले. पोरे हसली. काका म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तुकडीत गणवेश आलाय. सहा दिवसांत ठिपके चौतिसावरून सतरावर आले. मी तो आलेख शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडला.

बनियन रोज धुवावे लागे. ते कोण धुते, हे मी विचारले नाही. सैन्यात कुत्र्याचे सामान त्याचा सांभाळणारा दुसऱ्याच्या हाती देत नाही. पट्टा, दोरी, अंथरूण, सगळे स्वतःच्या हाताने. काका फिरून आल्याबरोबर ते परागांनी भरलेले कापड बादलीत टाकून दोन्ही हातांनी घासघासून धूत होते. मी जे पलटणीच्या पोटावरून उचलले, ते त्यांच्या हातांवर ठेवले.

हे माझ्या लक्षात आले नाही, मोहितेकाकूंच्या आले. कुंपणापलीकडून भाकरी देताना त्यांनी काकांच्या हातांकडे पाहिले आणि भाकरी तशीच धरून ठेवली.

"आवं हवालदार, कुत्रीचं लॅमिनेशन झालं. आता तुमचं कवा करताय?"

काकांनी हात पाठीमागे घेतले. मी जवळच उभी होते. पुढे होऊन मी ते हात ओढून पाहिले. तळवे जाड, कोरडे, भेगाळलेले. बोटांच्या टोकांची कातडी खरपुडीसारखी झालेली. मनगटाच्या वर लाल, सुजलेली, खाजवून ओरखडलेली पट्टी. तेव्हा मला चौदा सप्टेंबरची सकाळ आठवली. त्यांनी हजेरी घेताना डोळे उघडले होते, कारण बोटांना काही कळेनासे झाले होते. म्हणजे बनियनच्या आधीपासून हे चालू होते. गेल्या वर्षीपासून असावे. मी त्यांना विचारले, तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले की मुलीला कळवू नका, ती पलटणीला राहू देणार नाही.

वर जाऊन मी माझ्या फोनमधले सगळे फोटो उघडले. पलटणीच्या पोटाचा एकही फोटो असा नव्हता ज्यात कडेला ते हात नव्हते. सतरा दिवसांचे हात. वहीसाठी प्रत्येक फोटो कापताना मी ते चौकटीबाहेर टाकले होते.

मिरजेला त्वचारोगाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. दोन रात्री आम्ही माधवनगरला माझ्या आईवडिलांकडे राहिलो, कारण पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चिकटपट्ट्या लावून अठ्ठेचाळीस तासांनी निकाल पाहायचा होता. तोवर पलटण साताऱ्यात मोहितेकाकूंच्या हवाली होती. काकू तिला लांब दांड्याच्या झाऱ्याने भाकरी सरकवत असल्याचे फोनवरून कळले. काका दिवसातून पाच वेळा फोन करत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत, पोट बघितलंत का.

निकाल गाजरगवताचा निघाला. ज्या गवताने कुत्रीला पुरळ येई, त्याच गवताशी माणसाच्या शरीराने वैर धरले होते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले की एकदा हे वैर पक्के झाले की स्पर्शही लागत नाही. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्याने आला तरी पुरतो. चेहरा, पापण्या, मान यांवर पसरले तर शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतील, आणि काकांच्या छातीला तरुणपणी क्षय होऊन गेलेला असल्याने त्या गोळ्यांची बाईंना स्वतःलाच भीती वाटत होती. कोपर ही त्यांनी हद्द ठरवली. कोपराच्या आत आहे तोवर मलम. कोपर ओलांडले की गोळ्या. वारा हा शब्द ऐकल्यावर काका खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी पहिला आणि एकच प्रश्न विचारला. कुत्रीमुळं झालं का?

बाई म्हणाल्या की तिच्या केसांतून येत असेल, वाऱ्यानेही येत असेल, नक्की सांगणे कठीण आहे.

गप्प राहायला हवे होते तिथे मी बोलले. मी म्हटले की नक्की सांगता येईल. तीन आठवडे दोघांना वेगळे ठेवायचे आणि मोजायचे. वाढ थांबली तर कारण कुत्री, न थांबली तर वारा. वाक्य संपेपर्यंत ते मला निर्दोष वाटत होते. काकांनी माझ्याकडे पाहिले. आरोपीची बाजू मांडायला उभा राहिलेला माणूस न्यायाधीशाकडे पाहतो, तसे ते पाहणे होते.

"आन् कारण तीच निघाली, तर?"

मुलगी लोणंदला या म्हणून वर्षभर मागे लागली होती, पण कुत्रीशिवाय या, असे तिचे म्हणणे होते. घरात रांगते मूल होते. कारण पलटण निघाली तर ती कायमची जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

चार ऑक्टोबरला पलटणीला मी गाडी करून माधवनगरला सोडून आले. तिच्याबरोबर काकांनी पट्टा, वाटी, पांढरे धोतर आणि माझ्या वडिलांसाठी सूचनांचा एक कागद दिला. त्या दिवसापासून मी साताऱ्यात रोज सकाळी कागदी टेपने काकांच्या डाव्या हाताची लाली मनगटाच्या रेषेपासून वरपर्यंत मोजू लागले. सुरुवातीला नऊ सेंटीमीटर. कोपराची रेषा चोवीसवर. तिकडे आई पलटणीचे ठिपके मोजून फोनवर सांगे. काका दाढी करून माझ्यासमोर स्टुलावर बसत, पण हात पुढे करण्याआधी म्हणत, "आधी तिचा सांगा."

तिचे ठिपके भराभर उतरत होते. माधवनगरला वडील तिला काँक्रीटच्या रस्त्याने नेत, गवत तिच्या पायाला लागतच नव्हते. सतरा, बारा, सात, चार. काकांचे दहा, अकरा, बारा. मी त्यांना मोकळ्या प्लॉटांकडची खिडकी बंद ठेवायला सांगितले, त्यांनी ती बंद ठेवली. तोंडाला पंचा बांधायला सांगितला, तो बांधला. तरीही आकडा चढत राहिला. दिवाळीत हात दिसतील म्हणून त्यांनी मुलीला येऊच नको असे कळवले आणि फटाक्यांच्या आवाजात फोन लावून माझ्या वडिलांना विचारले की पलटण कुठे आहे. ती निवांत झोपली आहे, असे कळल्यावर त्यांना आनंद झाला की वाईट वाटले, हे मला सांगता येणार नाही. बारूद हुंगायला शिकवलेली कुत्री नव्हती ना ती, असे काहीसे पुटपुटून त्यांनी फोन ठेवला. सोळाच्या पुढे गेल्यापासून मी रोज दोनदा मोजू लागले होते. रात्री मला स्वप्नात फक्त आकडे दिसत, आणि ते सगळे चोवीसच्या जवळचे असत.

मोजणीचा शेवटचा दिवस हाच मी त्यांना पाहिल्याचाही शेवटचा दिवस, म्हणून तो लिहिण्याआधी पुढचे सांगून टाकते. डिसेंबरात लोणंदला ते वारले. पापण्या सुजून डोळे उघडेनात, तेव्हा गोळ्या सुरू करणे भाग पडले आणि छातीने साथ सोडली. मुलीने मला फोन केला तेव्हा मी शिष्यवृत्ती मिळून पुण्यात होते.

तो दिवस पंचवीस ऑक्टोबर. एकवीस दिवस पुरे झाले होते. सकाळी आम्ही मिरजेला गेलो. मी डॉक्टरीणबाईंसमोर मोजले. साडेएकोणीस. डाव्या पापणीच्या कडेलाही लाली होती. बाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि दोन आठवड्यांत पुन्हा यायला बजावले. पायऱ्या उतरताना काकांनी विचारले, "वाढलं?"

"वाढलं."

ते चक्क हसले. मिरजेच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर, पापणी सुजलेली असताना. "म्हंजे तिच्यावरचा आळ गेला. आपली पलटण न्हाई. वारा हाय."

इतक्या आकड्यांवरून असे सिद्ध होत नव्हते. हात आधी तिच्यामुळे, तिच्या बनियनमुळे, माझ्यामुळे बिघडला असणे आणि मग वाऱ्याने वाढणे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत होते. मला ते माहीत होते. मी त्यांना सुधारले नाही.

माधवनगरला पोचलो तेव्हा पलटण ओसरीवर होती. ती भुंकली नाही, पळाली नाही. चालत आली आणि त्यांच्या गुडघ्यात डोके घालून उभी राहिली. काका खाली बसले. बराच वेळ मराठीत काही बोलत होते, ते मी ऐकले नाही. मग त्यांनी तिला उलटी केली. बोटे पोटावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. शेवटी त्यांनी मान वर करून मला सांगितले की त्यांना कळत नाही, तुम्ही बघा. मी चौकटींचे प्लास्टिक ठेवून पाहिले. आईने सांगितले की आठ दिवसांपासून एकही नाही.

चहा झाला. गाडी सांगितलेली होती, पलटणीचे सामान दारात आणून ठेवलेले होते. काकांनी मला विचारले की साताऱ्याला नेली तर किती दिवसांत ठिपके येतील. मी म्हटले, चार-पाच. किती येतील? सांगता येत नाही, मागच्यासारखे तीस-पस्तीस. गवत अजून फुललेलेच होते.

ते कपाकडे पाहत राहिले. मग ते उठले, दारातली वाटी उचलून आत ठेवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या सायेब. हवा मानवलीय तिला." थोडे थांबून पुढे म्हणाले की सकाळी दाढी न करता नेली तरी चालेल, ती आता सिव्हिलियन झाली. वडील हसले. मी हसू शकले नाही. ज्या आरोपातून ती सुटावी म्हणून त्यांनी एकवीस दिवस भोगले होते, त्यातून ती सुटली होती, आणि तरीही ते तिला सोडून निघाले होते.

साताऱ्याला परत जाऊन काय करू, असे म्हणून ते मुलीकडे जायला तयार झाले. मी त्यांना सांगली स्टेशनला सोडायला गेले. लोणंदला थांबणारी पॅसेंजर उभीच होती. ते डब्यात चढले, खिडकीजवळची जागा मिळाली. समोर बसलेल्या बाईने त्यांच्या हातांकडे पाहिले, मग पापणीकडे, आणि लेकराला उचलून ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. शेजारचा माणूसही थोडा सरकला. काकांनी पूर्ण बाहीचा सदरा बोटांपर्यंत ओढला, हात मांडीवर उपडे ठेवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, सगळे ठीक आहे अशा अर्थाने. गाडी हलली तेव्हा खिडकीची काच खाली ओढायला त्यांचा हात वर गेला. बोटांना पकड येईना. दोनदा प्रयत्न केला. रुळांच्या कडेने दोन्ही बाजूंना पांढरे गवत डोलत होते, आणि काच उघडीच राहिली.

घरी परतल्यावर मी वही उघडली. नंतर तीत मी काही लिहिले नाही. शेवटची नोंद त्या संध्याकाळची आहे. २५ ऑक्टोबर, सहा वाजून पाच मिनिटे. पलटण. ठिपके: ०.